थारोळ्याखालची माती

शेजारच्या घरी दुपारची भांडी घासायला घेतली की मी ओट्यावरून उठून आत जातो. राखेला आवाज असतो. मातीने घासलेलं भांडं मुकं राहतं. राखेने घासताना पितळेवर बारीक खरखर उमटते, आणि मधूनच एखादा न जळलेला कोळसा सापडला की ती खरखर दातांत शिरते. आमच्या घरात गेलं वर्षभर भांड्यांना राख लागलेली नाही. कमल, माझी पत्नी, माती वापरते. मी तिला तसं सांगितलं नव्हतं आणि तिने मला विचारलं नव्हतं. चुलीतली राख ती सुपात भरते आणि पार गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकून येते, वाटेत दोन उकिरडे लागत असूनही.

वैशाख लागला आहे. यंदा विहिरींना पाणी आहे, गावात कुणाच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षीची कळा नाही. पण ऊन तेच आहे. दुपारी दोनच्या सुमाराला गोठ्याच्या पत्र्यातून उन्हाची एक पट्टी खाली येते आणि भिंतीला बांधलेल्या गव्हाणीवर आडवी पडते. गेल्या वर्षी त्या पट्टीच्या बाजूला आप्पा बसलेले असायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. पट्टी सरकली की तेही सरकायचे. आता पट्टी एकटीच सरकते. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. चौथीला गणित शिकवतो. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि त्याचा मला आजवर अभिमान होता. गव्हाणीचं मापही मी घेतलेलं आहे. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट खोल. म्हणजे सव्वा अकरा घनफूट. बैलांच्या तोंडाखालच्या जागेचं घनफळ काढणारा माणूस तिसगावात मीच असेन.

बाहत्तर साली पाऊस दोनदा तोंड दाखवून निघून गेला. बाजरी वीतभर होऊन करपली. दिवाळीच्या आधीच आमच्या विहिरीने तळ दाखवला आणि मोट खांद्यावर टाकून आप्पा घरी आले. बैलजोडी ताईकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, पाठवायची ठरली. ती राहात्याला दिलेली. तिकडे कालव्याचं पाणी, पेरूच्या बागा, बैलांना उसाची वाढी मिळतील. चुलतभाऊ रंगनाथ बैल हाकत घेऊन गेला. आप्पा वेशीपर्यंत गेले आणि परत आल्यावर त्यांनी गव्हाण झाडून काढली. रिकामी गव्हाण झाडतात का कुणी? पण त्यांनी कोपऱ्या-कोपऱ्यांतून बोटं घालून ती साफ केली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते रानातून डोक्यावर पाटी घेऊन आले. पाटीवर त्यांचं ओलं उपरणं झाकलेलं होतं. मी शाळेतून नुकताच आलो होतो.

"काय आणलंत?" मी विचारलं.

"बी."

"कसलं बी?"

त्यांनी उपरणं बाजूला केलं. काळीभोर ओली माती, आणि तिच्यात हलणारी गांडुळं. आप्पा त्यांना काडू म्हणत.

"थारोळ्याखाली तेवढी ओल ऱ्हायली हुती," ते म्हणाले. मोटेचं पाणी विहिरीवरच्या ज्या दगडी कुंडीत पडतं ते थारोळं. पिढ्यान्‌पिढ्या पाणी पडून तिच्याखालची जमीन कधी सुकलेली नव्हती. "समद्या रानातलं काडू तिथं येऊन गोळा झाल्यात. आठ दिसांत तिथंबी फुफाटा हुईल. म्हनून आनले."

"आणून काय करायचं?"

"दुष्काळ पडला म्हनून ज्वारीचं बी दळून खातो का आपुन? उपाशी ऱ्हातो, पर बियाचं गाडगं फोडत न्हाई. तसंच हे. पाऊस कवातरी पडंलच की. तवा मेलेल्या रानात जीव कुठून आननार तू? शाळंतून?"

मला हसू आलं. पण त्यांचं म्हणणं मला पटलं, कारण त्यात एक हिशेब होता.

गव्हाणीचं काम आम्ही दोघांनी केलं. माझ्या आयुष्यात आप्पांबरोबर मी हाताने केलेलं ते शेवटचं काम. गव्हाणीच्या उताराकडच्या टोकाला त्यांनी पहारीने एक भोक पाडलं, पाणी साचू नये म्हणून. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे पसरले, त्यावर तुराट्या मोडून आडव्या-उभ्या टाकल्या. त्यावर दोन वर्षांचं जुनं शेण, उकिरड्याच्या तळातलं. ताजं शेण त्यांनी घेऊ दिलं नाही. "ताज्या शेनाला ऊब असती," ते म्हणाले, "हात घालून बघ. तुझा हात भाजत न्हाई, पर त्यांचा समदा जीव उघडाच हाय." त्यावर थारोळ्याखालची माती. आणि सगळ्यावर भिजवलेलं बारदान.

गांडुळं सोडायच्या आधी मी म्हणालो, "आप्पा, मोजून सोडू."

"जितं मोजू नये, मास्तर." मी मास्तर झाल्यापासून ते मला नावाने हाक मारत नसत. त्यात थोडी थट्टा असे आणि बरंच मिरवणं.

"मग पावसाळ्यात वाढली का घटली कळणार कसं?"

त्यांनी पाटी गव्हाणीच्या कडेला टेकवली. मग म्हणाले, "मोज. पर मी बोलतो, तू लिही."

आणि त्यांनी पहिलं गांडूळ दोन बोटांत धरून गव्हाणीत ठेवलं आणि म्हणाले, "लाभ." दुसरं ठेवलं, "दोन." खळ्यावर धान्य मापताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक म्हटलं की रास एकावरच थांबते, अशी समजूत. शाळेत पोरं 'लाभ, दोन, तीन' म्हणतात तेव्हा मी त्यांना 'एक' म्हणायला लावतो. त्या दिवशी मी चूक काढली नाही. तीनशे बारा झाली. बारकी सोडून. मी वहीत लिहून ठेवलं आणि रकान्याच्या सुरुवातीला 'एक' असंच लिहिलं.

त्या वर्षी गावाला वास राहिला नव्हता. फक्त धुळीचा, आणि रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा, तो आंबूस वास. शाळेत पोरांसाठी दुष्काळी मदतीची सुकडी शिजायची तेवढा वेळ बरं वाटायचं. पण आमच्या गोठ्यात गव्हाणीवरचं बारदान उचललं, की ओल्या रानाचा वास यायचा. पेरणीनंतर आठव्या दिवशी सकाळी रानात येतो, तो. गल्लीतल्या म्हाताऱ्या काहीतरी निमित्त काढून यायच्या. "कमळे, वाईच विस्तव दे गं," म्हणायच्या आणि गव्हाणीपाशी टेकायच्या. माझ्या दोन्ही मुली शाळेतून आल्या की पाटी-दप्तर टाकून आधी बारदानाखाली हात घालायच्या. आप्पा त्यांना रागवायचे, "हात काढा गं, त्यांना सासुरवाशिनीवानी छळू नगा." आणि मग स्वतःच बारदान थोडं वर करून धरायचे.

ते रोज दोन तांबे पाणी शिंपायचे. तळहातावर घेऊन, बोटांच्या फटींतून. शेळ्यांच्या जुन्या लेंड्या गल्लीतून वेचून आणायचे, भिजवायचे, चुरून टाकायचे. चहाचा चोथा आधी वाळवून ठेवायचे. दुष्काळात खरकटं कसलं उरणार! पण गव्हाणीतली माती दर आठवड्याला भुसभुशीत होत गेली, चहाच्या पुडीसारखी दाणेदार. संक्रांतीच्या सुमाराला आप्पांनी मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवली. "ह्याचं घनफळ काढ आता," म्हणाले. इतके खूश मी त्यांना आई गेल्यानंतर पाहिले नव्हते.

पाण्याचं वाटप माझ्याकडे होतं, हे इथे सांगायला हवं. गावाबाहेरच्या एकाच विहिरीला पाझर राहिला होता. रोज जेवढं पाणी साठे तेवढं घरटी वाटून घ्यायचं ठरलं, आणि भांडणं होऊ नयेत म्हणून यादी गुरुजींनी ठेवायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आमच्या घरात पाच माणसं, त्यांना चार हंडे. आमच्या हंड्यात चौदा तांबे मावतात. छप्पन तांबे. बावीस पिण्याला, नऊ स्वयंपाकाला, नऊ भांड्यांना, माणशी दोन याप्रमाणे दहा अंग पुसायला, उरले सहा कपड्यांसाठी साठवायचे. गव्हाणीचे दोन तांबे या सहातून जायचे. माझ्या मते त्यात गैर काही नव्हतं. पाणी आमच्या वाट्याचं होतं.

होळी चार दिवसांवर आली तेव्हा एका सकाळी विहिरीवर मी यादी घेऊन उभा होतो. पाणी आणखी खाली गेलं होतं. दर घराचा एक हंडा निम्म्याने कमी करावा लागणार होता, आणि ते मीच सांगत होतो. धोंडाबाई म्हणून आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, जिभेच्या तिखट. त्या हंडा कमरेवर ठेवून म्हणाल्या, "करा की कमी, गुरुजी. आमची म्हस पान्यावाचून गेली, आमी काय बोललो का? तुमच्या गोठ्यात मातुर किडं आंघोळ करत्यात म्हनं!"

सगळे हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "त्यांची नावं यादीत घातली का, गुरुजी?"

पुन्हा हसले. त्यात फारसा राग नव्हता. दुष्काळातही माणसं थट्टा करतातच. पण माझे कान तापले. मी उभ्या गावाला थेंब मोजून देत होतो आणि माझ्या घरात दोन तांबे मातीवर ओतले जात होते. ते आमच्या वाट्याचे होते, हे मी तिथे सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. घरी येताना मात्र डोक्यात आकडे मांडत आलो.

आणि मला उत्तर सापडलं. भांड्यांचे नऊ तांबे! ते घासून-विसळून झाल्यावर अंगणात फेकले जात होते. त्यातले निदान चार तांबे गोळा करता आले असते. म्हणजे गव्हाणीला दोनाऐवजी चार मिळणार, चांगलं पाणी दोन तांबे वाचणार, आणि उद्या धोंडाबाईंनी विचारलं तर मान वर करून सांगता येणार. गणित इतकं चोख होतं, की मला ते आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

आप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "राख असती की त्या पान्यात."

"राख म्हणजे खतच, आप्पा. आपण रानात टाकतोच की."

"टाकतो खरं," ते म्हणाले. त्यांनी तरी आधी कधी गांडुळं पाळली होती? त्यांचे वडील राख टाकायचे, तेही टाकत आले होते. पण रानात टाकलेली राख एकरभर पसरते आणि पावसाच्या पाण्याने विरून जाते. आणि एरवी भांडी विसळायला पाणी भरपूर असतं. त्या उन्हाळ्यात कमल भांडं आधी कोरड्या राखेने खसाखसा घासायची, चिंधीने पुसायची आणि घोटभर पाण्यात बुडवून काढायची. त्या पाण्याचा रंग ताकासारखा झालेला असे. बोट घातलं तर ते निसरडं लागायचं आणि नंतर कातडी ओढल्यासारखी व्हायची. मी ते बोट घालून पाहिलं होतं. पाणी आप्पांसमोर मोजून दाखवताना घातलं होतं. आप्पांनी ताज्या शेणाबद्दल काय सांगितलं होतं ते मला त्या वेळी आठवलं नाही.

"तू म्हनतोस तर करू," आप्पा म्हणाले. होळीच्या आदल्या दिवसापासून चार तांबे सुरू झाले.

मी आता त्या दिवसांत परत जातो तेव्हा मला खुणा दिसतात. पाडव्यानंतर गोठ्यातला तो वास गेला. गल्लीतल्या म्हाताऱ्या यायच्या बंद झाल्या. मुलींना आप्पा बारदानाला हात लावू देईनात. मला वाटलं, ऊन वाढलं आहे. मला वाटलं, मला सर्दी झाली आहे. जो माणूस हंड्यातले तांबे मोजतो त्याला नाहीशी झालेली गोष्ट मोजता येत नाही, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. आप्पा रोज दुपारी कमलकडून बादली घेत, उन्हाच्या पट्टीशेजारी बसत आणि पाणी शिंपत. मी शाळेतून येताना ओट्यावरून पाहायचो. चार तांबे. हिशेब बरोबर.

अक्षय तृतीयेनंतर ताई आली, आप्पांना न्यायला. एस.टी.तून उतरली तीच बोलत. "आरशात बघितलं का आप्पा? गळ्याची हाडं मोजून घ्यावीत एवढी वर आल्यात. चला माझ्याकडं. पानी हाय, सावली हाय, तुमचे बैलबी हायती. रोज दावनीला उभे ऱ्हाऊन वाटंकडं बघत्यात."

आप्पा हसले. "बैलांना सांग, येतो म्हनावं. पाऊस पडू दे."

"पाऊस पडल्यावर कशाला येताय? तवा हितंच काम असंल."

"हितं काडू हायती. त्यांना कोन बघंल?"

"आगं बया! लेकीपरीस किडं जवळचं झालं व्हय?"

"लेकीला नवरा हाय," आप्पा म्हणाले. "ह्यांना कोन हाय?"

ताई हसता हसता रडायला लागली. मी मध्ये पडलो. म्हणालो, "आप्पा, तुम्ही जा. मी घालीन रोज पाणी. मोजूनच घालीन. मधून मधून माती वरखालीही करीन."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी मला लहानपणीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. "तू न्हाई," ते म्हणाले. "तू त्या गव्हानीला हात लावायचा न्हाई. सांगून ठेवतो."

ताईसमोर, कमलसमोर, मुलींसमोर. मी सारा गाव पाण्यावर सांभाळत होतो आणि माझ्या बापाला माझ्या हातात चार तांबे द्यायचा भरवसा नव्हता. मी उठून शाळेत निघून गेलो. सुट्टी लागली होती, शाळेत काही काम नव्हतं. ताई दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली. त्यानंतर मी आप्पांशी कामापुरतं बोलत राहिलो. "जेवलात का?" "व्हय." "औषध घेतलंत?" "व्हय." असे एकूण किती दिवस गेले ते मी मोजलेले आहेत. इथे लिहीत नाही.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला त्यांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, उन्हाची बाधा, वयही झालं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. ताप चढलेला असतानाही आदल्या दुपारी त्यांनी कमलला बादली मागितली होती. तिने शपथ घालून झोपवलं आणि पाणी तिने स्वतः ओतलं. आप्पा बाजेवरून पाहत होते, आणि मीही.

तेरावा दिवस झाला आणि तीन दिवसांनी पाऊस आला. त्या पावसाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. रान भिजल्यावर मी खोरं आणि घमेलं घेऊन गोठ्यात गेलो. आप्पांचं बी रानात नेऊन सोडायचं होतं. तेवढं तरी मी करणार होतो. वही बरोबर घेतली होती. तीनशे बाराची किती झाली ते मोजायचं होतं.

बारदान उचललं तर ते मातीला चिकटलं होतं. खोरं मारलं, तर ते भांड्यावर आपटल्यासारखं वाजलं. वर पांढरट करडी पापडी, तिच्याखाली ढेकळं. मी एक फोडलं, दुसरं फोडलं. हाताने उकरत कौलांच्या तुकड्यांपर्यंत गेलो. सव्वा अकरा घनफूट मातीत एकही नव्हतं. मेलेलंही नव्हतं. फक्त राखेचा वास होता.

मान वर केली तर कमल दारात उभी होती. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ते मला दिसलं.

"तुला माहीत होतं?"

ती उंबऱ्यावर बसली. "पाडवा झाल्यावर आठ दिसांनी मामंजींनी माती उकरून बघितली हुती. मी बादली घेऊन गेल्ते. मूठभर मेलेले घेऊन बसले हुते मांडीवर. मला म्हनले, पोरी, समदं संपलं. राखंनं भाजले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी आन घातली. म्हनले, मास्तरला कळू द्यायचं न्हाई. त्याचं गनित बरोबरच हुतं, मातीच निराळी निघाली. त्याला कळलं तर जन्मभर आकडं मांडीत बसंल." तिने पदराने तोंड पुसलं. "पाऊस पडल्यावर राहात्याला जाऊन वन्संच्या बागेतले आननार हुते. गुपचूप. तुमाला म्हननार हुते, हे बघ, वाढले."

"मग ताई न्यायला आली तेव्हाच का नाही गेले?"

हे विचारलं आणि उत्तर मलाच कळलं. कमलने ते तरीही दिलं, हळू आवाजात. "ते गेले असते, तर मागं तुमी माती वरखाली केली असती ना."

पाडव्यानंतरच्या आठव्या दिवसापासून त्यांनी स्वतः पाणी घातलेल्या शेवटच्या दुपारपर्यंत एक्कावन्न दिवस होतात. रोज चार तांबे. दोनशे चार तांबे पाणी एका म्हाताऱ्या माणसाने मेलेल्या मातीवर शिंपलं, वैशाखाच्या उन्हात, पत्र्याखाली बसून, ओट्यावरून मी पाहत होतो म्हणून. ते राहात्याला गेले असते तर जगले असते का, ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ते गणित सुटत नाही आणि सोडूनही देता येत नाही.

रान मी रंगनाथला वाट्याने दिलं. बैलही त्याच्याकडेच आहेत. गेलं वर्षभर मी विहिरीकडे गेलो नव्हतो. गव्हाणीतली ती माती तशीच आहे. काढायचा धीर होत नाही.

यंदा संक्रांतीला ताईकडे गेलो होतो. तिने हे सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः खुरपं घेऊन पेरूच्या बागेत बसली आणि एका पत्र्याच्या डब्यात ओल्या मातीसकट गांडुळं भरून दिली. नगरहून तिसगावच्या गाडीत बसलो. डबा मांडीवर. कंडक्टर ओळखीचा.

"डब्यात काय, गुरुजी? लाडू दिले का बहिनीनं?"

"गांडुळं आहेत."

"मासं धरायला? तिसगावात कुठं आली नदी?"

"पाळायला."

त्याने तिकीट फाडायचं थांबवलं. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बरोबर हाय. मास्तरच्या पगारात गाय परवडत न्हाई आता." सगळी गाडी हसली. मीही हसलो. आप्पा असते तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं त्याचा पाथर्डी फाट्यापर्यंत विचार करत राहिलो.

वाण्याकडून चहाचा एक रिकामा खोका आणला. कडेच्या पत्र्याच्या पट्ट्या काढल्या, तळाला खिळ्याने भोकं पाडली, चार विटांवर ठेवला. कौलांचे तुकडे, तुराट्या, जुनं शेण, माती. आप्पांच्याच क्रमाने. खोका गोठ्याच्या दुसऱ्या भिंतीला आहे, गव्हाणीकडे पाठ करून. मुली त्यात हात घालतात. मी त्यांना रागवत नाही. पाणी स्वच्छ घालतो, मोजत नाही. हाताला माती जेवढी ओली लागते तेवढं पुरे. या खोक्यातली गांडुळं किती आहेत हे मला माहीत नाही.

वर्षश्राद्धाआधी ती रानात सोडावीत असं मनात होतं. गेल्या रविवारी सकाळी जागा पाहायला विहिरीवर गेलो. रंगनाथची मोट चालू होती. थारोळ्यात पाणी धबाधबा पडत होतं आणि फटीतून झिरपून खाली नेहमीसारखी काळी ओल झाली होती. आप्पांनी उकरलेला खड्डा केव्हाच बुजला होता. मी खुरप्याने तिथेच थोडं उकरलं. चार बोटं खाली गेलो असेन.

एक गांडूळ होतं. करंगळीएवढं. उजेड लागताच आखडलं आणि पुन्हा लांब झालं.

राहात्याची गांडुळं अजून खोक्यातच होती. हे इथलंच. आप्पांच्या हातून त्या दिवशी सुटलं होतं, की खाली कुठे ओल धरून राहिलं होतं, की शेजारच्या बांधाकडून आलं, देव जाणे. कदाचित रानाने आपलं बी आपणच राखून ठेवलं होतं, आणि कुणी कुणासाठी उन्हात बसायची गरजच नव्हती. मी खुरपं बाजूला ठेवलं.

रंगनाथ मोटेवरून ओरडला, "काय सापडलं, दादा?"

मी गांडूळ दोन बोटांत उचललं, ओल्या मातीवर परत ठेवलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणालो, "लाभ."

आणि मग वाट पाहत बसलो, पुढचा आकडा म्हणायला कोणी नव्हतं तरी.